जर्दाळूच्या लाकडातला काळोख

इलेक्ट्रिक गिटार, सिंथेसायझर आणि ड्रम मशीनच्या शेजारी दुदुक नावाचं आर्मेनियन फुंकवाद्य ऐकू आलं की आपल्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘फ्यूजन’. हा शब्द आपल्याकडे इतका वापरला गेला आहे की त्यातून आता काहीच कळत नाही. पुढच्या पानांत ज्या संगीताचा परिचय करून दिला आहे, त्याला मी तरी फ्यूजन म्हणणार नाही. आर्मेनियाची पारंपरिक वाद्यं आणि रॉकमधला डार्क वेव्ह हा प्रवाह यांचं नातं रंगसंगतीचं नाही, बांधणीचं आहे. दोन्ही संगीतं एकाच गोष्टीवर उभी आहेत. ती गोष्ट म्हणजे खाली सतत चालू राहणारा, न तुटणारा आधाराचा सूर. ज्या बँडना हे उमगलं त्यांचं संगीत टिकलं. ज्यांनी दुदुकला दुःखाची फोडणी म्हणून वापरलं, त्यांचं संगीत चार वेळा ऐकल्यावर उतरतं. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते नीट समजायचं तर दोन्ही घराण्यांची ओळख करून घ्यावी लागेल.

आधी डार्क वेव्ह. 1970च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंकचा जाळ ओसरला आणि त्या राखेतून एक वेगळं, गंभीर संगीत वर आलं. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचा ‘अननोन प्लेझर्स’ 1979चा, ‘क्लोजर’ 1980चा. नॉर्थम्प्टनच्या बाउहाउस या बँडचं नऊ मिनिटांहून लांब ‘बेला लुगोसीज डेड’ हेही 1979चंच. द क्युअरने 1980 ते 1982 या काळात लागोपाठ तीन अल्बम काढले आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा अधिक काळवंडलेला होता. या सगळ्यांत काही सवयी समान होत्या. गिटार ठेका धरत नसे, वातावरण तयार करत असे. चाल बऱ्याचदा बेस गिटारवर असे; जॉय डिव्हिजनचा पीटर हुक बेसच्या वरच्या पडद्यांवर जे वाजवतो तेच पुष्कळ गाण्यांत कानात राहतं. ड्रम यंत्रासारखे कोरडे. आवाज खालच्या पट्टीतला, जवळजवळ बोलल्यासारखा. आणि सगळ्यावर पसरलेला दीर्घ प्रतिध्वनी. पुढे यात सिंथेसायझरचं प्रमाण वाढलं, नेदरलँड्सच्या क्लॅन ऑफ झायमॉक्ससारखे बँड आले, आणि या शाखेला डार्क वेव्ह हे नाव चिकटलं.

या प्रवाहाचे कान सुरुवातीपासून पूर्वेकडे लागलेले होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. डेड कॅन डान्स हा बँड 1981 साली मेलबर्नमध्ये जन्मला, पुढच्याच वर्षी लंडनला आला आणि 4एडी या कंपनीकडे गेला. त्यातली लिसा जेरार्ड यांगचिन हे चिनी तंतुवाद्य वाजवायची आणि कुठल्याच भाषेत नसलेले शब्द गायची. याच 4एडीच्या आयव्हो वॉट्स-रसेलच्या हाती बल्गेरियन स्त्रियांच्या समूहगायनाची एक कॅसेट लागली. कॅसेटवरून कॅसेट करत आलेली ती प्रत त्याला दिली होती बाउहाउसचा गायक पीटर मर्फी याने. 1986 साली ते ध्वनिमुद्रण 4एडीने पुन्हा प्रसिद्ध केलं आणि काळे कपडे घालणारी युरोपातली तरुण मुलं बाल्कन खेड्यांतली गाणी ऐकू लागली. मर्फी स्वतः पुढे तुर्कस्तानात राहायला गेला; त्याच्या 2002च्या ‘डस्ट’ या अल्बममध्ये तुर्की वाद्यं आहेत. तेव्हा डार्क वेव्हच्या श्रोत्याला दुदुक ऐकू येणं हा अपघात नव्हता. त्याची वाट पंधरा-वीस वर्षं आधीच पडत होती.

आता दुदुक. हातभर लांबीचीही नसलेली ही नळी जर्दाळूच्या लाकडाची असते. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे तिची लांबी 28 ते 40 सेंटिमीटर. समोर आठ भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. लाकडावर वाद्याचा आवाज जितका अवलंबून आहे तितकाच, किंबहुना जास्त, तो तोंडाकडच्या पत्तीवर आहे. ही पत्ती बोरूच्या जातीच्या वेताची, दुहेरी आणि चांगली रुंद असते. सनईची पत्ती बोटाच्या पेराएवढी. दुदुकची 9 ते 14 सेंटिमीटर लांब. म्हणून सनईचा आवाज उघडा, टोकदार, मंगल कार्यालयाच्या दारापासून रस्त्यापर्यंत जाणारा; दुदुकचा आवाज खर्जाकडे झुकलेला, माणसाच्या गळ्याला इतका जवळचा की अंधारात ऐकला तर कुणी गुणगुणतंय असं वाटावं. वाजवण्याआधी पत्ती ओली करून तिला जरा उघडू द्यावं लागतं. स्वर बोटांनी निघतो, पण तो किती चढा, किती उतरता, किती कापरा, हे ओठ ठरवतात. मींड आणि आंदोलन हे शब्द ज्यांना ठाऊक आहेत, त्या आपल्या वाचकाला हे वाद्य परकं वाटण्याचं कारण नाही.

परंपरेने दुदुक एकट्याने वाजवत नाहीत. दोघं बसतात. एक चाल वाजवतो. दुसरा फक्त एक सूर धरतो. त्या धरलेल्या सुराला आर्मेनियन लोक ‘दाम’ म्हणतात आणि धरणाऱ्याला ‘दामकाश’. दामकाश गालात हवा साठवून ठेवतो, ती बाहेर सोडता सोडता नाकाने श्वास घेतो, आणि सूर मिनिटामागून मिनिट अखंड चालू ठेवतो. आपल्याकडे सनईच्या मैफलीत मागे बसलेला एक साथीदार नुसता सूर देत असतो; काम तेच. फरक असा की आपण त्या माणसाकडे पाहत नाही, आणि आर्मेनियात जाणकार श्रोता आधी दाम ऐकतो. चाल जिथे विसाव्याला येते तिथे दामकाशही कधी कधी आपला सूर हलवतो, नव्या आधारावर जातो, परत येतो. म्हणजे तो तंबोरा नव्हे. तो ऐकणारा, अंदाज घेणारा माणूस आहे. चर्चमधल्या जुन्या एकसुरी स्तोत्रगायनातही खाली असाच आधाराचा सूर धरायची रीत आहे.

दुदुकची महती सांगताना बाकीची वाद्यं विसरली जातात. सनईच्या जातीची, मोकळ्या मैदानात वाजणारी झुर्ना आहे. दोन तोंडांचा, हातांनी वाजवायचा ढोल आहे, आणि त्याचं नावही ढोलच आहे. गजाने वाजणारी कमांचा आहे; अठराव्या शतकातला थोर कवी-गायक सायात-नोव्हा हीच वाजवायचा. कानून आणि ऊद ही मुख्यतः पश्चिमेकडच्या, म्हणजे ऑटोमन साम्राज्यातल्या आर्मेनियन लोकांची वाद्यं. हा पूर्व-पश्चिम भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे रॉकमध्येही तो उमटला. राजधानी येरेवानकडून आलेल्या संगीतात दुदुक पुढे असतो, अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या संगीतात ऊद.

दुदुक कुणाचा, यावर त्या भागात मोठे वाद आहेत. याच वाद्याची भावंडं अझरबैजानमध्ये बालाबान आणि तुर्कस्तानात मेय या नावांनी वाजतात. युनेस्कोने 2005 साली आर्मेनियन दुदुकच्या संगीताचा गौरव केला आणि 2008 साली त्याचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. बालाबान-मेयची नोंद 2023 साली झाली. मला या मालकीच्या भांडणात पडायचं नाही. मात्र जर्दाळूचं लाकूड, दोघांनी बसून वाजवण्याची रीत आणि तिच्याभोवतीचं भांडार यांना आर्मेनियन माणसाच्या जगण्यात जी जागा आहे, ती कुठल्याही यादीवर अवलंबून नाही. लग्नात दुदुक वाजतो आणि मयतीलाही वाजतो.

हे मुद्दाम सांगितलं, कारण दुदुक म्हणजे रडणं अशी एक समजूत जगभर पसरली आहे. ती पसरवण्यात सिनेमाचा हात मोठा. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’ या चित्रपटासाठी पीटर गॅब्रियलने केलेलं संगीत 1989 साली ‘पॅशन’ या नावाने आलं; त्याच्या पहिल्याच तुकड्यात दुदुक आहे, आणि आपल्या एल. शंकर यांचं डबल व्हायोलिनही आहे. त्याच वर्षी ब्रायन ईनोने जिवान गास्पार्यान यांचं सोव्हिएत काळातलं ध्वनिमुद्रण पश्चिमेत प्रसिद्ध केलं. गास्पार्यान 1928 साली जन्मले, लहानपणी मूकपटांना साथ करणारे दुदुकवादक ऐकून या वाद्याकडे वळले, आणि 2021 साली वारले तेव्हा दुदुक म्हटलं की जगाला त्यांचंच नाव आठवत होतं. 2000 साली ‘ग्लॅडिएटर’ आला. त्याचं संगीत हान्स झिमर आणि डेड कॅन डान्सच्या लिसा जेरार्ड यांचं, आणि दुदुक गास्पार्यान यांचा. या तिन्ही कामांविषयी माझ्या मनात आदर आहे. पण त्यांच्यामागून जी रांग लागली, तिने वाळवंट दिसलं की दुदुक, प्राचीन शहर जळलं की दुदुक, आई रडली की दुदुक असा सपाटा लावला. त्या रांगेत दाम कुठेच नाही. दाम काढला की उरतो तो नुसता हुंदका.

आर्मेनियन संगीतातलं दुःख खरं आहे, हे मी नाकारत नाही. ते कुठून आलं हे सांगायला एका माणसाचं चरित्र पुरतं. कोमितास 1869 साली आजच्या तुर्कस्तानातल्या क्युताह्या गावी जन्मला. लहानपणीच पोरका झाला, एच्मियाद्झिनच्या धर्मपीठात शिकला, धर्मगुरू झाला, बर्लिनमध्ये संगीतशास्त्राचा अभ्यास केला आणि गावोगाव हिंडून शेतकऱ्यांची, कापणीची, लग्नाची हजारो गाणी लिहून घेतली. 24 एप्रिल 1915 रोजी ऑटोमन सरकारने इस्तंबूलमधले आर्मेनियन लेखक, डॉक्टर, विचारवंत, धर्मगुरू पकडायला सुरुवात केली, त्यांत कोमितासही होता. तो परत आला, पण त्याचं मन परत आलं नाही. आयुष्याची शेवटची वर्षं त्याने पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात काढली आणि 1935 साली तिथेच गेला. ज्या गावांतली गाणी त्याने टिपली होती, त्यांतली असंख्य गावं तोवर आर्मेनियन राहिली नव्हती. त्या अटकसत्रापाठोपाठ आर्मेनियन लोकांचा जो संहार झाला, त्यातल्या बळींचा आकडा पंधरा लाखांपर्यंत सांगितला जातो. आज कुठलाही आर्मेनियन बँड लोकगीत उचलतो तेव्हा बहुधा ते कोमितासच्या वहीतून आलेलं असतं. त्या गाण्यात खेळकर चाल असली तरी तिच्याखाली हे सगळं असतं. इंग्लंडमधल्या मुलांनी बंद पडलेल्या गिरण्यांच्या शहरांत जो काळोख ऐकला तो त्यांचा खरा होता. आर्मेनियन मुलांना काळोख आजीच्या तोंडून मिळाला.

आणि एक काळोख तर शब्दशः होता. 7 डिसेंबर 1988 रोजी उत्तर आर्मेनियात भूकंप झाला. स्पिताक उद्ध्वस्त झालं, लेनिनाकान म्हणजे आजचं ग्युम्री मोडून पडलं, सुमारे पंचवीस हजार माणसं गेली. ब्रिटनमधल्या रॉक वादकांनी ‘रॉक एड आर्मेनिया’ या नावाने एकत्र येऊन डीप पर्पलचं ‘स्मोक ऑन द वॉटर’ मदतीसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. त्यात ब्रायन मे, डेव्हिड गिल्मर, टोनी आयोमी असे लोक होते. भूकंपानंतर मेत्सामोरचं अणुवीज केंद्र 1989 साली बंद केलं गेलं. पाठोपाठ सोव्हिएत संघ संपला, काराबाख या प्रदेशावरून अझरबैजानशी युद्ध पेटलं, सीमा बंद झाल्या. 1992 ते 1995 या हिवाळ्यांत येरेवानमध्ये दिवसातून एक-दोन तास वीज यायची. आर्मेनियन लोक या काळाला ‘अंधाराची आणि थंडीची वर्षं’ म्हणतात. केंद्र 1995 साली पुन्हा सुरू झालं. या वर्षांत जी मुलं वाढली त्यांच्यातूनच तिथले पुढचे बँड उभे राहिले.

रॉक तिथे त्याआधीही होतं. लेनिनाकानमध्ये 1978 साली बांबीर हा लोकसंगीत आणि रॉक एकत्र वाजवणारा गट निघाला आणि त्याच नावाने पुढच्या पिढीने काम चालू ठेवलं. अमेरिकेत तर 1969 सालीच ऊदवादक जॉन बर्बेरियन यांचा ‘मिडल ईस्टर्न रॉक’ हा अल्बम आला होता. तो आज ऐकताना थक्क व्हायला होतं. इलेक्ट्रिक गिटार आणि ऊद एकमेकांना मान देत बोलतात, कुणी कुणाच्या अंगावर चढत नाही. त्या वाटेने फार कुणी गेलं नाही, हे दुर्दैव.

मग सिस्टम ऑफ अ डाउन. 1994 साली कॅलिफोर्नियात ग्लेंडेलच्या परिसरात जमलेले चार आर्मेनियन. त्यांचं संगीत डार्क वेव्ह नव्हे, ते मेटल. चपळ, रागीट, मध्येच विदूषकी. पण 2001च्या ‘टॉक्सिसिटी’ या अल्बमच्या शेवटी, गाणी संपल्यावर, एक अघोषित तुकडा आहे. इस्तंबूलमध्ये जन्मलेले तालवादक आर्तो तुंचबोयाजियान यांच्यासोबत बँडने तिथे चर्चमधलं एक प्राचीन स्तोत्र उभं केलं आहे. गिटारची भिंत कोसळते आणि मागून प्रार्थना ऐकू येते. लाखो प्रती खपलेल्या अल्बमच्या तळाशी हे ठेवून देणं ही मोठी हिंमत होती. याच बँडने संहाराच्या शताब्दीच्या आदल्या संध्याकाळी, 23 एप्रिल 2015 रोजी, येरेवानच्या रिपब्लिक स्क्वेअरमध्ये भर पावसात विनामूल्य कार्यक्रम केला. 2020च्या शरदात काराबाखचं 44 दिवसांचं युद्ध पेटलं तेव्हा पंधरा वर्षांनी त्यांनी दोन नवी गाणी काढली. तीन वर्षांनी, सप्टेंबर 2023मध्ये, काराबाखमधले एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत घरं सोडून निघाले. कोमितासच्या वह्यांचं काम संपलेलं नाही.

सिस्टमच्या मागोमाग लॉस एंजेलिसमध्ये व्हिझा या बँडने ऊद आणि जड गिटार एकत्र आणली. मॉस्कोत देती पिकासो या बँडने आर्मेनियन लोकगीतं काळवंडलेल्या रॉकमध्ये गायली. ग्युम्रीत 1987 साली जन्मलेला पियानोवादक तिग्रान हमास्यान जाझमध्ये गणला जातो, पण त्याच्या डाव्या हातात मेटल आहे आणि उजव्या हातात गावची चाल. 2015 साली त्याने एकीकडे ‘मॉकरूट’ काढला आणि दुसरीकडे येरेवानच्या गायकवृंदासोबत पाचव्या शतकापासूनची धार्मिक गाणी असलेला ‘लुइस इ लुसो’. दोन्ही एका माणसाचे, एका वर्षाचे आहेत, हे ऐकल्याशिवाय पटत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्र कमी गाजलेला एक अल्बम: गास्पार्यान आणि कॅनडाचा गिटारवादक मायकेल ब्रूक यांचा 1998चा ‘ब्लॅक रॉक’. ब्रूक आपल्याला अगदीच अनोळखी नाही. नुसरत फतेह अली खान यांच्या ‘मस्त मस्त’चा निर्माता तो, आणि मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांच्यासोबतचा ‘ड्रीम’ही त्याचाच. त्याने ‘इन्फिनिट गिटार’ नावाची एक गिटार बनवली. साध्या गिटारचा सूर छेडला की विरायला लागतो. या गिटारचा सूर वाजवणारा सोडेपर्यंत टिकतो. यू2च्या ‘विथ ऑर विदाउट यू’मध्ये जो लांबत जाणारा गिटारचा स्वर आहे तो हाच. आता विचार करा: न विरणारा सूर देणारी गिटार आणि जन्मभर दामावर वाजवलेला दुदुकवादक. ब्रूक इथे दामकाश झाला आहे. गिटार चमकत नाही, स्वतःची कसरत दाखवत नाही. ती खाली पसरते आणि गास्पार्यान तिच्यावर उभे राहतात, गातातही. या वाटेने जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक बँडने आधी हा अल्बम पाठ करावा.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. आर्मेनियन लोकसंगीताची स्वरचौकट सप्तकाची नाही, चार-चार स्वरांच्या साखळीची आहे. एका चौकडीचा शेवटचा स्वर हाच पुढच्या चौकडीचा पहिला. आपल्या सरगमेत मांडायचं तर सा रे ग म, मग त्याच मध्यमापासून म प ध आणि कोमल नी, मग त्या कोमल निषादापासून पुढे सा रे आणि कोमल ग. म्हणजे मध्य सप्तकात गांधार शुद्ध आणि तार सप्तकात तोच कोमल! कोमितासने आणि त्याच्या नंतरच्या अभ्यासकांनी हे नियम मांडून ठेवले आहेत. पाश्चात्त्य स्वरमेळ या चौकटीला जाचतो. मेजर किंवा मायनर कॉर्ड धरला की गांधार पक्का होतो आणि वरच्या चालीशी त्याची मारामारी सुरू होते. पण रॉकच्या पॉवर कॉर्डमध्ये फक्त षड्ज आणि पंचम असतात, गांधार नसतोच. डार्क वेव्हमध्ये तर पुष्कळदा तेवढंही नसतं. बेसचा एक सूर, सिंथेसायझरचा एक थर, बस. जागा मोकळी राहते आणि दुदुक किंवा कमांचा तिथे आपल्या कायद्याने चालू शकते. आर्मेनियन वाद्यं पॉपच्या गोड कॉर्डवर का अवघडतात आणि या काळ्या संगीतात का मोकळी होतात, याचं कारण हे आहे. दोन्ही उदास म्हणून जुळतात, हे उत्तर अपुरं आहे.

प्रतिध्वनीचीही तीच गोष्ट. येरेवानच्या पूर्वेला गेघार्दचा मठ आहे. त्याच्या काही खोल्या डोंगराच्या पोटात खोदलेल्या आहेत. वरची खोली 1288 सालची. चार गायक तिथे स्तोत्र म्हणू लागले की एक स्वर विरायच्या आत दुसरा येऊन मिसळतो. वेरूळच्या दहाव्या लेण्यात कुणी षड्ज लावलेला ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जॉय डिव्हिजनचा निर्माता मार्टिन हॅनेट याने स्टुडिओत यंत्रांनी जी पोकळी निर्माण केली, ती आर्मेनियन कानाला सातशे वर्षं ओळखीची होती.

मंचावर मात्र हे लग्न सोपं नाही. दुदुक हळू आवाजाचं वाद्य आहे आणि ड्रम त्याला सहज गिळतात. दिव्यांच्या उष्णतेने आणि ओठांच्या ओलाव्याने पत्ती बदलते, सूर सरकतो. गिटार आणि सिंथेसायझर मात्र जागचे हलत नाहीत. एका दुदुकवर सव्वा-दीड सप्तकापलीकडे जाता येत नाही, म्हणून वेगळ्या पट्टीतल्या गाण्याला वेगळा दुदुक लागतो. आणि दुसरा वादक घेऊन फिरणं खर्चाचं, तेव्हा बहुतेक बँड दाम सिंथेसायझरवर किंवा आधी मुद्रित करून लावतात. ही तडजोड मला पटत नाही. मुद्रित दाम अचूक असतो, पण तो चालीचं ऐकत नाही. त्यापेक्षा बेस वाजवणाऱ्याला दामकाशाचं काम शिकवावं, हा मार्ग खरा. चांगले बँड नकळत तेच करतात. शुद्ध लोकवाद्यांनी काय साधतं ते पाहायचं असेल तर लेव्हॉन एस्केनियान यांनी 2008 साली उभा केलेला गुर्जिएफ वाद्यवृंद ऐकावा. विजेची एकही तार न लावता तो कुठल्याही गॉथिक बँडपेक्षा गडद वाजतो.

दृश्याची बाजूही सांगायला हवी, कारण डार्क वेव्हला चेहरा लागतो. तो चेहरा आर्मेनियन बँडना उसना आणावा लागला नाही. सर्गेई पाराजानोव्हचा ‘डाळिंबांचा रंग’ हा 1969चा चित्रपट सायात-नोव्हाच्या आयुष्यावर आहे. त्यात जवळजवळ संवाद नाहीत, स्थिर चित्रांसारखी दृश्यं आहेत, आणि तिग्रान मन्सुर्यान यांचं संगीत आहे. इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जुनो रिअॅक्टरने ‘गॉड इज गॉड’च्या व्हिडिओत या चित्रपटातली दृश्यं वापरली.

मराठी वाचकाने हे सगळं का वाचावं, असं कुणी विचारेल. मुंबईच्या फोर्टात आर्मेनियन व्यापाऱ्यांचं चर्च आहे. मद्रासमध्ये 1794 साली जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक छापलं गेलं. आणि 1902 साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रिकेसाठी गाणारी गौहर जान वडिलांकडून आर्मेनियन वंशाची होती. पण ही नाती आठवण म्हणून ठीक. खरं कारण कानाशी आहे. एका सुरावर तास-दीड तास उभं राहणारं संगीत ऐकण्याची सवय आपल्याला आहे. ज्या गोष्टीसाठी युरोपातल्या श्रोत्याला कान तयार करावा लागतो, ती आपल्याकडे तयार आहे. आपल्याला अवघड जातो तो त्यातला रॉक. तिथे धीर धरावा.

पुढची पानं वाचण्याआधी थोडं ऐकून घ्यावं. आधी दोन दुदुकांचं साधं पारंपरिक वादन, आणि तेही पहिल्यांदा चालीकडे दुर्लक्ष करून फक्त दाम. मग ‘ब्लॅक रॉक’. मग जॉय डिव्हिजनचा ‘क्लोजर’, त्यातला बेस धरून. सिस्टम ऑफ अ डाउन त्यानंतर. आणि एक विनंती: हे मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नका. त्यावर चाल ऐकू येते, पण खालचा आधाराचा सूर जवळजवळ नाहीसा होतो. बऱ्यापैकी हेडफोन लावा आणि सलग ऐका.